पडद्यामागचा कान

[मोताळा, सरकारी दवाखान्याची ओसरी. सन १९६४, सोंगणीचे दिवस, भर दुपार.]

जमादार: थांबा पाळकसायब, पुन्हा सांगा. हल्ला कोणावर झाला?

पाळक: शिपायावर.

जमादार: आमच्या?

पाळक: नाही हो. रोमन शिपायावर. पडद्यावरच्या.

जमादार: नाव काय त्याचं?

पाळक: त्याला नाव नाही, जमादार. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस तो.

जमादार: मंग काल मोताळ्याच्या बाजारात हजर कसा झाला?

पाळक: चित्र होतं ते. फिल्म.

जमादार: ते समजते मले. मी बी टाकीजमदी जात असतो. पण फारमावर रकाना हाय, 'ज्याच्यावर हल्ला झाला त्याचे नाव, वय, धंदा'. तिथं मी 'चित्र' कसं लिवू? आधीच फारम मध्यप्रदेशचा. त्याच्यावर मुंबई राज्याचा शिक्का. तो खोडून मी चार वर्षांपासून हातानं 'महाराष्ट्र' लिवून राह्यलो. आता त्यात रोम घुसवू काय?

रुखमाबाई: माहं नाव लिवा ना. कान तं माहा तुटला.

पाळक: रुखमाबाई, तू पडून राहा बरं. मी सांगतो सगळं.

रुखमाबाई: या बाजूनं बोला पाळकसायब. त्या कानात कापूस हाय. हाय तेवढ्या कानात.

जमादार: बरं, लिवतो. जखमी, रुखमाबाई, भ्रतार... भ्रताराचं नाव सांग, बाई.

रुखमाबाई: तुम्हाले माहीत हाय.

जमादार: मले माहीत हाय, गावाले माहीत हाय. चौकीत पालथा पडून कण्हून राह्यला तो, त्याले बी माहीत हाय. पण जबानी तुही हाय. मारणाऱ्याचं नाव जखमीच्या तोंडून आलं पायजे.

रुखमाबाई: मी नाव घेत नाही.

जमादार: काऊन?

रुखमाबाई: बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते म्हनतात.

जमादार: आन् त्याच्या हातचा मार खाल्ला का तुहं वाढते काय? बरं, राहू दे. उखाणा घेतला तरी चालते.

पाळक: जमादार, ही काय थट्टेची वेळ आहे? कडूबा संपत इंगळे. राहणार ख्रिस्ती वाडी. मी सांगतो, लिहा.

जमादार: तुमचा नाही तुटला कान. जागा मोकळी सोडतो. पुढं सांगा. पण रोमपासून नका सांगू, बाजारापासून सांगा.

पाळक: काल बाजार उठल्यावर, दिवेलागणीला, मैदानात आम्ही प्रभूच्या दुःखसहनाची फिल्म दाखवली. बांबू रोवून पडदा बांधला. पडदा म्हणजे दोन चादरी, आमच्या मंडळीतल्या शालूबाईंनी जोडून शिवलेल्या. शिवण बरोबर मधून जाते. दर वेळी प्रभूच्या नाकावर येते, पण लोक सांभाळून घेतात. पुढे पुरुष बसले, मागे बाया.

जमादार: मांगं म्हणजे पुरुषांच्या मांगं?

पाळक: पडद्याच्या मागे. किसनरावांची अट होती. मैदान त्यांचं. बाया आणि पुरुष एका अंगाला बसले तर वीज नाही, मैदान नाही, म्हणाले. चादर पातळ आहे, मागूनही तेवढंच दिसतं. म्हटलं, असो, संदेश पोहोचल्याशी कारण.

रुखमाबाई: तेवढंच नाही दिसत. उलटं दिसते. मांगून तुमचा प्रभू डाव्या हातानं आशीर्वाद देते. आमच्या बाजूच्या बाया म्हनत, देव डावखुरा हाय, म्हनून आपल्याले लागत नसंन.

पाळक: हे मला कोणी सांगितलं नाही.

रुखमाबाई: मांगं येऊन पाह्यलं नाही कोणी.

जमादार: कडूबा कुठी बसेल होता?

पाळक: पहिल्या रांगेत. नेहमीप्रमाणे. आमच्या मंडळीचा पंच आहे तो. रविवारची घंटा तोच वाजवतो. प्रभूला फटके मारतात तो प्रसंग आला की लहान मुलासारखा रडतो. मिशनच्या अहवालात त्याच्याबद्दल मी दोनदा लिहिलं आहे.

जमादार: काय लिवलं?

पाळक: 'कठीण अंतःकरण द्रवले.'

रुखमाबाई: अंतःकरणाचं लिवलं. हाताचा रकाना नसंन.

जमादार: इळा कुठून आला?

पाळक: बाजारातूनच. सोंगणीसाठी लोहाराकडून धार लावून आणला होता. मांडीवर घेऊन बसला होता. सुरुवातीच्या प्रार्थनेला मी त्याला म्हटलं, बाबा, तो बाजूला ठेव.

जमादार: ठेवला?

पाळक: प्रार्थनेपुरता.

जमादार: मंग?

पाळक: मग फटके सुरू झाले. प्रभूला खांबाला बांधलं आहे, शिपाई कोडा उगारतो आहे, आणि हा एकदम उठला. 'अबे सोड त्याले, सोड!' असं किंचाळत धावला. इळा शिपायाच्या गळ्यावर घातला. पडदा वरपासून खालपर्यंत टरकन फाटला. चादरीवर लाल डाग पसरला. आणि जमादार, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं शिपाई मेला.

जमादार: आन् मांगं ही.

पाळक: अगदी चादरीला टेकून.

जमादार: कानाची पाळी बाळीसकट खाली आली. ही पाहा, कागदात बांधेल हाय. एक कोंबडी ओढून नेत होती, शिपायानं तिच्या तोंडातून काढली.

रुखमाबाई: बाळी माह्या मायची हाय. पाळी ठेवा तुमच्यापाशी, बाळी द्या.

जमादार: केस निकाली निघाल्यावर. वेगळं करता येत नाही बाई. पंचनाम्यात 'बाळीयुक्त पाळी, नग एक' असं लिवून बसलो मी. बरं, पाळकसायब, बाजारातला पानवाला म्हणते का फटके लय वेळ चालले. म्हणे, गिऱ्हाईक पान खाऊन जाये, थुकून परत येये, तरी फटके चालूच.

पाळक: मागच्या लोकांना नीट दिसलं नव्हतं. म्हणून पुन्हा दाखवले.

जमादार: कितीदा?

पाळक: एकंदर तीनदा.

जमादार: तुमच्या शास्त्रात कितीदा हाय?

पाळक: एकदा.

जमादार: मंग वरचे दोनदा कोणी मारलं?

पाळक: मशीनला उलटं फिरवायची कळ असते.

जमादार: कळ कोणी दाबली? कळीनं?

पाळक: मी. पण तुम्ही समजून घ्या. मी सात वर्षं ही मशीन गाडीत घालून फिरवतो आहे. प्रभू डोंगरावर उपदेश करायला लागले की लोक बिड्या पेटवतात. आंधळ्याला दृष्टी दिली की थोडे हलतात, म्हणतात, डॉक्टर चांगला आहे. आणि फटके सुरू झाले की मैदान गच्च. मागचे पुढे येतात, पोरं लिंबावर चढतात, म्हातारे काठी टेकून उभे राहतात. 'अजून एकदा, पाळकसायब, अजून एकदा.' मला वाटायचं, हृदयं कोवळी होताहेत. अशा वेळी थांबायचं कसं?

जमादार: कोंबड्यांच्या झुंजीले बी तशीच कोवळी होतात. आम्ही तिथं धाड घालतो.

पाळक: तुलना बरी नाही ही.

जमादार: नाही तं राह्यलं. पण भोंग्यातून तुम्ही काय बोलत होते, ते सांगा. तिघांनी तेच सांगतलं, म्हणून इचारतो.

पाळक: फिल्म इंग्रजी आहे. तिचा आवाज बंद करून मी मराठीत समजावून सांगतो.

जमादार: शब्द सांगा.

पाळक: म्हणालो, 'बंधूंनो, पाहा! निर्दोष माणूस मार खातो आहे, आणि सारे जग उभे राहून पाहते आहे. तुमच्यात कोणी आहे का हा हात थांबवणारा?'

जमादार: कितव्या खेपेले?

पाळक: तिसऱ्या.

जमादार: आन् कडूबा उठला.

पाळक: ते आलंकारिक होतं, जमादार!

जमादार: अलंकार तुमचा, इळा त्याचा. कायद्यात याले चिथावणी म्हणतात. मशीन, भोंगा, चादरी, सगळं जप्त करा लागते मले.

पाळक: असं करू नका. परवा संग्रामपूरला आहे. मग सुलतानपूर. अकरा गावांना शब्द दिलाय. मिशनकडे ही एकच मशीन. तुम्ही अपघात लिहा. कुणाचा कुणावर राग नव्हता. कडूबाला सोडा. त्याचा भाऊ मोतीराम बैलगाडी जुंपून सकाळपासून बाहेर थांबला आहे. दिवस मावळायच्या आत नवराबायको दोघं घरी जातील, आपल्या चुलीपुढे बसतील.

जमादार: माह्या हातात काही नाही. बाई म्हणाली, 'चुकून लागलं', का मी कागद फाडतो, कडूबाले सोडतो, दोघांले एका गाडीत बसवून देतो. बाई नाही म्हणाली तं तो बुलढाण्याले जाते, मशीन बी त्याच्यासोबत जाते. आता इच्या तोंडावर हाय.

पाळक: ती म्हणेल. तिने त्याला केव्हाच क्षमा केली आहे. अख्ख्या मैदानाने पाहिलं.

रुखमाबाई: काय पाह्यलं?

पाळक: रुखमाबाई, तूच तर...

जमादार: थांबा. तेही येऊ द्या कागदावर. मी मैदानात आलो तवा कडूबाच्या पाठीची सालपटं लोंबत होती. त्याले कोणी मारलं?

पाळक: लोकांनी. पडदा बाजूला झाला आणि मागे बाई दिसली, रक्ताने न्हालेली. जमाव खवळला. त्याला धरलं, पडद्याच्याच बांबूला बांधलं, पडद्याच्याच दोरीने. कोणीतरी गाडीतला बैलाचा कोडा आणला.

जमादार: मारत कोण होतं?

पाळक: आळीपाळीने. ज्याला मिळेल तो. मघाशी जे शिपायाला शिव्या देत होते तेच.

जमादार: आन् तुम्ही?

पाळक: मी भोंग्यातून 'शांत व्हा' म्हणत होतो.

जमादार: लोकं काय म्हणत होते?

पाळक: ...'अजून एकदा.'

जमादार: मशीन बंद केली होती ना?

पाळक: सुचलं नाही. चालूच होती. पडदा नव्हता, तर उजेड सरळ कडूबाच्या पाठीवर पडत होता. कोडा खरा पडायचा आणि त्याच जागी सावलीतला कोडाही हलायचा. कोणता कोणाचा, मला कळेना. मी कितीतरी वेळ पाहत राहिलो.

जमादार: थांबवलं कोणी?

पाळक: हिनेच. म्हणून तर म्हणतो, क्षमा! एका हाताने कान दाबलेला, कोपरावरून रक्त ठिबकतंय, तशी मधे गेली, कोडा धरला आणि म्हणाली, 'पुरे.' सगळं मैदान चिडीचूप. सात वर्षांत माझ्या भोंग्याने जे झालं नाही ते हिच्या एका शब्दाने झालं.

रुखमाबाई: मी कोडा धरला, पाळकसायब. क्षमा तुम्ही लिवून घेतली.

जमादार: मंग कोडा काऊन धरला, बाई? एवढा कान कापला त्यानं.

रुखमाबाई: आवाज नोको होता मले. कोनाच्या बी पाठीवर असो. एकोणीस झाले होते. मोजाची सवय हाय, मोजलं का लवकर सरते. फिलममदला आवाज खोटा हाय जमादारसायब, सटसट वाजते. खरा तसा वाजत नाही. खरा थप वाजते, दगडावर ओलं लुगडं आपटल्यावानी. आन् रगत असं लगेच येत नाही. पयले पांढरी रेघ उमटते. मंग ती फुगते. मंग निळी पडते. रगत सकाळी येते, चोळी चिकटलेली असते ती ओढली का. तुमच्या प्रभूले पयल्याच फटक्याले भळभळा आलं. तवाच मी बाजूच्या विमलबाईले म्हनलं, हे ज्यानं बनवलं त्यानं कधी मार खाल्ला नाही.

जमादार: तुले एवढं बारीक कसं ठावं?

पाळक: जमादार, तो वेगळा विषय आहे.

जमादार: आम्ही वेगळ्या विषयाचीच तनखा खातो, पाळकसायब. बोल बाई.

रुखमाबाई: काय बोलू? लगन झालं तवापासून हाय. भाकर करपली, हाणलं. नाही करपली, आज काऊन नाही करपली म्हनून हाणलं. एकडाव उलथनं तापवून पोटरीवर ठेवलं, तो डाग डॉक्टरनं काल पाह्यला, इचारलं नाही काही. पोळ्याले हात मोडला. दारूचं म्हनाल तं शिवत बी नाही. मंडळीचा पंच हाय ना. शुद्धीत मारते, सावकाश मारते.

जमादार: आन् तोच फिलम पाहून रडते?

रुखमाबाई: खरा रडते. लबाडी नाही त्यात. फिलमच्या दिवशी मले मारत बी नाही. रडून रडून जीव थकते त्याचा, घरी येते, मुकाट भाकर खाते, निजते. म्हनून मी म्हनत असो, पाळकसायब रोज फिलम दाखवो. दुसऱ्या दिवशी मातर दोन्ही दिवसाचं.

जमादार: हे अहवालात गेलं काय, पाळकसायब?

पाळक: मी त्याला समजावलं होतं. अनेकदा. दोघांना समोर बसवून समजावलं. संसार म्हटला की दोन्ही बाजूंनी...

रुखमाबाई: माह्या बाजूनं हात मोडला होता.

पाळक: मी तुझ्यासाठी प्रार्थना केली, रुखमाबाई. गुडघे टेकून केली.

रुखमाबाई: हाव, केली. मी म्हनलं होतं, मले चार दिवस निजाले एक खोली द्या, हात जुळेपावतर. तुम्ही म्हनले, जागा नाही.

पाळक: नव्हती.

रुखमाबाई: प्रार्थनामंदिराच्या मांगं टिनाची खोली हाय. पक्की. कुलपाची. आतून कडी बी हाय तिले.

पाळक: त्यात मशीन असते. पावसाळ्याचे दिवस होते. ओल लागली तर भिंग खराब होतं.

जमादार: ओल लागू नये म्हणून मशीन आत, आन् बाई?

रुखमाबाई: बाईले त्याच्याच गाडीत बसवून देल्लं. वरून म्हनले, क्षमा कर.

पाळक: मी शास्त्राबाहेरचं काही सांगितलं नाही. उलट शास्त्रात अगदी असाच प्रसंग आहे. प्रभूला धरायला लोक आले, तेव्हा पेत्र नावाच्या त्यांच्याच शिष्याने हत्यार काढलं आणि एका नोकराचा कान कापला.

जमादार: काय सांगता! इळ्यानं?

पाळक: तलवारीने.

जमादार: मारायले आला म्हणून कापला?

पाळक: नाही, प्रभूला वाचवायला. प्रेमापोटी. अगदी कडूबासारखं.

जमादार: मंग केस झाली का पेत्रावर?

पाळक: नाही. प्रभूने त्या माणसाच्या कानाला हात लावला, कान होता तसा झाला.

जमादार: म्हणजे मुद्देमालच गायब. सुटला असंन.

पाळक: तसा नाही अर्थ त्याचा. अर्थ हा की प्रभूने जखम बरी केली, वैर धरलं नाही.

रुखमाबाई: पयले काय केलं?

पाळक: काय?

रुखमाबाई: पयले कानाले हात लावला का पयले त्या पेत्राले काही बोलले?

पाळक: आधी... आधी त्याला अडवलं. हत्यार खाली ठेवायला लावलं.

रुखमाबाई: मंग कान.

पाळक: हो. मग कान.

रुखमाबाई: तुम्ही दर खेपेले माह्या कानालेच हात लावाले येता, पाळकसायब. सात वर्षं झाली. त्याले 'ठेव खाली' म्हनाले कोणी येत नाही. काल म्हनले तुम्ही, तं प्रार्थनेपुरतं.

जमादार: पाळकसायब, पाणी घेता काय? तोंड उतरलं तुमचं.

पाळक: नको. जमादार, मशीन घेऊन जा तुम्ही. भोंगाही न्या. मी पुन्हा त्या कळीला हात लावणार नाही. आग लावा हवं तर.

रुखमाबाई: आग काऊन? मशीनीनं काय केलं?

पाळक: तूच म्हणतेस हे?

रुखमाबाई: तुम्ही उलटी कळ दाबली ना, तवा पाह्यलं होतं काय मशीनीत? का लोकाईकडं पाहत होते?

पाळक: लोकांकडे.

रुखमाबाई: मी पाह्यलं. कोडा पाठीवरचं रगत पुसत पुसत वर गेला. एक एक रेघ मिटली. पाठ कोरी झाली. शिपाई पाऊल पाऊल मांगं सरकला, दोरी आपोआप सुटली, अंगावर झगा चढला, आन् तो माणूस उलट्या पावलानं दरवाज्यातून बाहेर निंघाला, उजेडात. पुरुष तिकून बोंबलून राह्यले होते, सीधं चालवा, सीधं चालवा. मले वाटे, सरूच नये हे. दुसऱ्या खेपेले उलटं झालं तवा मी सरकत सरकत पार चादरीले नाक लावून बसली. त्याच्यानंच तं कापली गेली. लांब बसली असती तं वाचली असती.

जमादार: आन् मंग?

रुखमाबाई: मंग पाळकसायबानं सीधी कळ दाबली.

जमादार: ...बाई, दिवस कलला. मोतीराम दोनदा डोकावून गेला. मले कागद पुरा करा लागते. एकच सांग. काल तुह्या नवऱ्यानं तुले चुकून मारलं का मुद्दाम?

रुखमाबाई: चुकून.

जमादार: पक्कं?

रुखमाबाई: हाव. मी मांगं हाय हे त्याले ठावं नव्हतं. खोटं काऊन बोलू? माणूस परमेश्वराले वाचवाले धावला होता.

जमादार: तं मंग कागद फाडतो. जा, बस गाडीत.

रुखमाबाई: फाडू नका. लिवा. कालचं चुकून. बाकीचं मुद्दाम.

जमादार: बाकीचं?

रुखमाबाई: पोळ्याचा हात, मुद्दाम. पोटरीचा डाग, मुद्दाम. दोन वर्षांखाली नाकाचं हाड, तेही. पाठीचं किती सांगू, तुमच्या फारमात जागा पुरंन काय?

जमादार: फारमाची पाठ कोरी हाय. पण बाई, समजून बोल. असं लिवलं तं तो आज सुटत नाही. अन् गाव तुले म्हणंन, जो चुकून लागला तो माफ केला, बाकी घरातलं चव्हाट्यावर मांडलं.

रुखमाबाई: एवढ्या वर्षांत त्यानं मले एकडाव चुकून मारलं, तं अख्खा बाजार त्याच्यावर कोडा घेऊन धावला. रोज मुद्दाम मारे, तवा शेजारची कडी बी वाजली नाही. म्हनू द्या गावाले.

जमादार: मंग वरची मोकळी जागा भरा लागते. मारणाऱ्याचं नाव.

पाळक: रुखमाबाई, मी सांगू का?

रुखमाबाई: नोको. कडूबा.

जमादार: पुरं नाव सांग.

रुखमाबाई: कडूबा संपत इंगळे. लिवलं? पुन्हा वाचा. या कानाकडून.

जमादार: कडूबा संपत इंगळे.

रुखमाबाई: हाव. तोच.

जमादार: आता जखमीचा मुक्काम. समन्स आलं तं कुठी द्यायचं? माहेर?

रुखमाबाई: माय होती तवा होतं.

पाळक: लिहा जमादार. ख्रिस्ती वाडी, प्रार्थनामंदिरामागची टिनाची खोली. ही किल्ली. रुखमाबाई, घे.

जमादार: तिथं मशीन राहते म्हणले ना तुम्ही?

पाळक: मशीन तुम्ही नेताय.

जमादार: दोन महिन्यांत सुटंन ती. परत आणाल तवा?

पाळक: ओसरीवर राहील. चादर टाकून.

रुखमाबाई: चादर चौकीतून सुटली का शालूबाईले म्हनाव मले द्या. फाटली तिथं शिवून देईन. नाकावरून नाही जाऊ देणार शिवण. पण बायांले पुढून बसवा, पाळकसायब. आम्हाले बी पाहू द्या देव कोणत्या हातानं आशीर्वाद देते ते.

पाळक: पुढून बसवीन. किसनराव नको म्हणाले तर फिल्म होणार नाही तिथे.

रुखमाबाई: आन् कोडा एकदाच.

पाळक: एकदाच.

जमादार: झालं. आंगठा कर इथं. शाई नाही... बरं, कानाचं आंगठ्याले लागलं हेच रगत चालंन, पुसू नको. आता फक्त साक्षीदार. कालचे साक्षीदार पायजे तितके हाय, पण ते चुकून लागल्याचे. मुद्दाम मारलेल्याचं कोणी पाह्यलं?

रुखमाबाई: चार भिंतीतलं कोण पाह्यते, जमादारसायब.

जमादार: मंग कोर्टात टिकत नाही. रकाना रिकामा सोडता येत नाही मले.

पाळक: माझं नाव लिहा.

जमादार: तुम्ही पाह्यलं?

पाळक: मोडलेला हात पाहिला. नाक सुजलेलं पाहिलं, नाताळच्या उपासनेत. पाठ शालूबाईंनी पाहिली आणि त्याच संध्याकाळी मला सांगितली. सुजलेला डोळा कित्येक रविवारी पाहिला.

जमादार: किती वर्षं?

पाळक: सात.

जमादार: किती अंतरावरून? पुढून का मांगून?

पाळक: पुढून. अगदी समोरून.

जमादार: शांतवन साळवे, पाळक, वय?

पाळक: बावन्न.

जमादार: आता शेवटचा रकाना. 'त्या वेळी साक्षीदार काय करीत होता?'

पाळक: पाहत होता.